तेल न मागणारा अश्वत्थामा

1968 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डोनाल्ड टेव्हस नावाचा संशोधक माणसाच्या रक्तातलं फ्लोराइड मोजत होता. काम तसं कंटाळवाणं. पण त्याची उत्तरं काही केल्या जुळेनात. रक्तद्रव तसाच तपासला की आकडा लहान यायचा. तोच आधी जाळून राख केली आणि मग तपासला की आकडा मोठा. म्हणजे रक्तात फ्लोरिन दोन रूपांत होतं. एक मोकळं, सहज हाती लागणारं. दुसरं कशाला तरी इतकं घट्ट बांधलेलं, की भट्टीत घातल्याशिवाय सुटायला तयार नाही.

यातलं पहिलं रूप आपल्याकडे चांगलंच ओळखीचं आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी विहिरींत आणि बोअरच्या पाण्यात ते खडकातून उतरतं, दात पिवळे करतं, हाडं वाकवतं. ते निसर्गाचं आहे आणि फार जुनं आहे. या लेखात त्याच्याबद्दल एवढंच. गोष्ट दुसऱ्याची आहे.

पुढे टेव्हस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यू यॉर्क आणि टेक्सास राज्यांतल्या पाच शहरांच्या रक्तपेढ्यांमधून नमुने आणले. ही शहरं मुद्दाम निवडलेली होती, कारण त्यांच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण खूप वेगवेगळं होतं. मोकळं फ्लोराइड पाण्याबरोबर कमीजास्त झालं. दुसऱ्या फ्लोरिनचा मात्र पाण्यातल्या फ्लोराइडशी काही संबंधच दिसेना. ते सगळीकडे हजर. 1976मध्ये त्यांनी अंदाज छापला: हे रसायन कारखान्यातलं असावं, आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंमधून माणसात आलेलं असावं. अंदाज बरोबर होता. जगाच्या कानावर तो पडायला मात्र आणखी पाव शतक जावं लागलं.

हे रसायन काय आहे ते समजायला खोबरेल तेलाची बाटली पुरेल. खोबरेल तेलात सात-आठ टक्के असतं ऑक्टॅनॉइक आम्ल: आठ कार्बनची एक माळ, तिच्या एका टोकाला आम्लाचं डोकं आणि उरलेल्या सात कार्बनना लटकलेले पंधरा हायड्रोजन. हे आम्ल पोटात गेलं की यकृत ते काही तासांत जाळून टाकतं. सोलकढी प्यायलेल्या माणसाला त्याची खबरही नसते. आता त्या माळेवरचे पंधराच्या पंधरा हायड्रोजन काढा आणि त्यांच्या जागी पंधरा फ्लोरिन बसवा. सांगाडा तोच, लांबी जवळपास तीच. पण हे रेणू यकृताला जाळता येत नाहीत, मातीतल्या जिवाणूंना खाता येत नाहीत, ऊन-पावसाने झिजत नाहीत. या रसायनाचं नाव पीएफओए. आणि ही अदलाबदल फक्त कागदावरची नाही. जोसेफ सायमन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अशी पद्धत बसवली होती, की हायड्रोजन फ्लोराइडच्या द्रवात असा पदार्थ सोडायचा, विजेचा प्रवाह द्यायचा, आणि हायड्रोजन एकेक करून निघून त्यांच्या जागी फ्लोरिन येऊन बसायचे. थ्रीएम कंपनीने ती पद्धत विकत घेतली आणि आठ कार्बनच्या सांगाड्यापासून पीएफओए टनावारी बनवलं.

फ्लोरिनलाच का एवढं महत्त्व? कारण हे मूलद्रव्य इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अधाशी आहे. त्याच्याइतकं अधाशी दुसरं कोणी नाही. त्याला एकटं पकडायला निघालेल्या रसायनशास्त्रज्ञांपैकी काहींनी जीव गमावला. शेवटी 26 जून 1886 रोजी पॅरिसमध्ये आन्री म्वासां या फ्रेंच संशोधकाला ते साधलं. त्यासाठी त्याला प्लॅटिनम-इरिडियमची भांडीकुंडी वापरावी लागली, कारण बाकी काही टिकेना. असा हा फ्लोरिन कार्बनला भेटला की त्याचा सगळा अधाशीपणा निवतो. दोघांमधला बंध सेंद्रिय रसायनांतल्या सर्वांत बळकट एकेरी बंधांपैकी आहे. शिवाय फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा थोडा जाड. कार्बनच्या माळेभोवती ते इतके दाटीने बसतात की आतल्या कार्बनपर्यंत पोचायला कोणाला फटच उरत नाही.

निसर्गाने हा बंध जवळजवळ वापरलाच नाही. काही विषारी वनस्पती, काही मोजके जिवाणू, अशा थोड्यांनाच कार्बनला एखादा फ्लोरिन जोडता येतो, आणि तोही एकच. पंधरा फ्लोरिनचं चिलखत कुठल्याही जिवाने कधी घातलं नव्हतं. त्यामुळे ते फोडायची विद्या कोणाला शिकावीच लागली नाही. लाकूड कुजवायला बुरशी आहे, हाडं कुजवायला जिवाणू आहेत. याला कोणी नाही.

चिलखताची पहिली मोठी ओळख अपघाताने झाली. 6 एप्रिल 1938 रोजी ड्यूपाँटच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या सत्तावीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाने गॅसच्या नळकांड्याची तोटी उघडली आणि काहीच बाहेर आलं नाही. नळकांडं रिकामं म्हणावं तर वजन भरलेल्याइतकंच. त्याने आणि त्याच्या मदतनिसाने ते चक्क करवतीने कापलं. आत मेणासारखी पांढरी भुकटी होती. गॅसचे रेणू एकमेकांना धरून लांबच लांब साखळ्या झाल्या होत्या. तिला आम्ल लागू पडेना, कुठलाही द्रावक विरघळवेना. हेच टेफ्लॉन. तव्यावर यायच्या आधी ते अणुबॉम्बच्या कारखान्यात गेलं, कारण युरेनियमचा फ्लोरिनयुक्त वायू इतर सगळी बूचं आणि वायसर खाऊन टाकायचा.

आता अळवाच्या पानाकडे बघा. त्याच्यावर पाणी ठरत नाही, थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पण त्याच पानाला तेल लावून बघा, मुकाट लावून घेतं. निसर्गात पाणी झटकणारे पुष्कळ आहेत. पाणी आणि तेल दोन्ही झटकणारा विरळा. फ्लोरिनची माळ दोन्ही झटकते. म्हणून ती गालिच्यांवर फवारली गेली, बर्गरच्या कागदाला लावली गेली, रेनकोटात शिरली, आणि पेटलेल्या पेट्रोलवर पातळ पापुद्र्यासारखी पसरून आग गुदमरवणाऱ्या फेसात मिसळली गेली. विमानतळांवर आणि लष्करी तळांवर आगीच्या सरावासाठी हा फेस वर्षानुवर्षं जमिनीवर ओतला गेला आणि तिथून भूजलात उतरला.

या सगळ्या कुटुंबाला आज पीएफएएस म्हणतात. सदस्य हजारोंनी आहेत. अमेरिकेत 2018च्या सुमारास त्यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ हे नाव पडलं. मराठीत याला चिरंजीव म्हणावं, पण आपल्याकडे तो शब्द लग्नपत्रिकेवर आशीर्वाद म्हणून छापतात, त्यामुळे जीभ अडखळते. मला आठवतो तो चिरंजीवांमधला अश्वत्थामा: मरण नाही, भळभळती जखम मिटत नाही, आणि म्हणून दारोदार तेल मागत फिरणारा. फरक इतकाच, की आमच्या या अश्वत्थाम्याला कोणी तेल दिलंच तर तेही त्याच्या अंगावर ठरायचं नाही.

इथे वाचक स्वयंपाकघराकडे धावतील म्हणून सांगून टाकतो. नॉनस्टिक तव्यावरचा थर हा फार मोठ्या रेणूंचा असतो. त्याचा कपचा पोटात गेला तर बहुधा तसाच बाहेर पडतो. तवा रिकामा ठेवून भयंकर तापवला तर निघणारी वाफ वाईट, पिंजऱ्यातले पोपट तिने मेल्याची उदाहरणं आहेत. पण खरा घोळ तव्यात नव्हताच. टेफ्लॉन बनवताना पाण्यात नीट घोळवण्यासाठी साबणासारखं काहीतरी लागायचं. ते काम पीएफओए करायचं. काम झालं की ते धुराड्यातून हवेत, नळातून नदीत आणि पिंपांतून उकिरड्यावर.

वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरं अशाच एका उकिरड्याखालच्या ओढ्यावर पाणी प्यायची. ती एकामागून एक मरू लागली. टेनंटने व्हिडिओ कॅमेरा घेतला, मेलेल्या गाई स्वतः फाडून आतलं काय काळं पडलंय ते चित्रित केलं, आणि 1998मध्ये सिनसिनाटीचे वकील रॉबर्ट बिलट यांना फोन केला. बिलट तोवर रसायन कंपन्यांचीच वकिली करत होते. त्यांनी टेनंटचा खटला घेतला आणि ड्यूपाँटच्या कागदपत्रांचे ढीग उपसता उपसता त्यांना पीएफओए हे नाव सापडलं. या कथेवर 2019मध्ये ‘डार्क वॉटर्स’ हा चित्रपट आला, त्यामुळे पुढचं नाट्य अनेकांना माहीत असेल. मला त्यातला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग पडद्यावर मावण्यासारखा नाही, कारण तो हिशोबाचा आहे.

रहिवाशांच्या वतीने चाललेल्या खटल्यात 2004मध्ये तडजोड झाली आणि तीत कंपनीकडून सात कोटी डॉलर मिळाले. ते परिसरातल्या लोकांत वाटून टाकता आले असते. त्याऐवजी ठरलं असं, की जो रक्त देईल आणि आपल्या आजारांची माहिती लिहून देईल त्याला चारशे डॉलर. वर्षभरात सुमारे 69 हजार माणसं येऊन रक्त देऊन गेली. प्रदूषणाच्या इतिहासात इतका मोठा वर्ग आपणहून काचेखाली उभा राहिल्याचं उदाहरण क्वचितच मिळेल. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांनी ती माहिती वर्षानुवर्षं चाळली आणि 2012पर्यंत सहा गोष्टींशी पीएफओएचा संबंध असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे असं सांगितलं: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्यातले व्रण, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. बाकी अनेक आजार त्यांनी तपासले आणि सोडून दिले. मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो त्यामुळेही. 2023च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याचा भाऊ पीएफओएस ‘शक्यता आहे’ या खालच्या गटात आहे.

पण आठ कार्बनची एक निष्क्रिय माळ, जी कशाशीच रासायनिक व्यवहार करत नाही, ती शरीरात करते तरी काय? उत्तर खोबरेलाकडेच आहे. शरीर तिला स्निग्ध आम्ल समजतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन स्निग्ध आम्लांची वाहतूक करतं; ते हिलाही पाठीवर घेतं. म्हणून डीडीटीसारखी जुनी विषं चरबीत साठतात, तर ही रक्तात आणि यकृतात. मूत्रपिंडाची गंमत तर और. तिथे ही माळ गाळली जाते, लघवीच्या वाटेला लागते, आणि मग नळीच्या भिंतीतले वाहक तिला कामाची वस्तू समजून उचलतात आणि पुन्हा रक्तात आणून सोडतात. रोज. त्यामुळे रक्तातलं पीएफओए निम्मं व्हायला माणसात दोन ते चार वर्षं लागतात, पीएफओएसला पाचएक वर्षं. मादी उंदरात मात्र हेच काम काही तासांत होतं! उंदरांवरून माणसाचा अंदाज बांधणाऱ्यांनी या एका प्राण्यासमोर कानाला हात लावावेत.

बायकांच्या शरीरात ही रसायनं सहसा पुरुषांपेक्षा कमी सापडतात, आणि त्याची कारणं ऐकून आनंद व्हावा अशी नाहीत. मासिक पाळीत थोडं रक्ताबरोबर जातं, नाळेतून थोडं बाळात जातं, दुधातून आणखी. पहिलं मूल जास्त घेऊन जातं, दुसऱ्याच्या वाट्याला कमी उरतं. (म्हणून अंगावर पाजू नये, असं डॉक्टर सांगत नाहीत. दुधाचे फायदे फार मोठे आहेत.) उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेल खातात आणि त्यातून ही रसायनं त्यांच्यात येतात. तिथल्या सुमारे सहाशे मुलांची पाहणी फिलिप ग्रांजां या संशोधकाने 2012मध्ये प्रसिद्ध केली. पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तात ही रसायनं दुप्पट, तर सातव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाच्या लशीने तयार केलेली प्रतिपिंडं जवळजवळ निम्मी. लस टोचलेली, नोंद झालेली, आणि तरी शरीराला धडा अर्धवटच आठवतोय.

मात्रा किती, हा प्रश्न इथे डोकं चक्रावून टाकतो. अमेरिकेने 2024मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा ठरवली लिटरमागे चार नॅनोग्रॅम. खडकवासला धरण काठोकाठ भरलं की 1.97 टीएमसी पाणी मावतं. मी गुणाकार करून बघितला: अख्ख्या खडकवासल्यात सव्वादोनशे ग्रॅम. पुण्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात तेवढं जिरं पुडीत बांधून देतात. एवढ्यात ते धरण अमेरिकी मर्यादेला टेकेल. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या 2012च्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा आहे, या कुटुंबाचं नाव नाही.

आणि ही पुडी एका जागी बसून राहत नाही. 2022मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या इयान कझिन्स आणि सहकाऱ्यांनी जगभरची पावसाची मोजमापं एकत्र लावली. तिबेटच्या पठारावरच्या, अगदी अंटार्क्टिकावरच्या पावसा-बर्फातही पीएफओए अमेरिकेच्या त्या वेळच्या सूचनेपेक्षा जास्त निघालं. समुद्रात गेलं म्हणजे तळाशी गेलं, असंही नाही. एका टोकाला पाणी आवडणारं डोकं आणि दुसऱ्या टोकाला पाणी नकोसं वाटणारी शेपटी, त्यामुळे हे रेणू बुडबुड्याच्या कातडीवर गर्दी करतात. लाट फुटते, बुडबुडा फुटतो, तुषार वाऱ्यावर चढतात, आणि समुद्र घेतलेलं किनाऱ्याला परत देतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हवेतल्या मिठाबरोबर ही रसायनं कमीजास्त होताना मोजली गेली आहेत.

याला मरण नाहीच का? आहे, पण त्याचं मर्म शोधावं लागतं. 2022मध्येच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ब्रिटनी ट्रँग आणि विल्यम डिक्टेल यांनी चिलखताला हातच लावला नाही. त्यांनी पीएफओएसारख्या रेणूचं आम्लाचं डोकं उडवलं: एक साधा द्रावक, त्यात कॉस्टिक सोडा, आणि उकळत्या पाण्याच्या आसपासचं तापमान. डोकं गेल्यावर उरलेली माळ स्वतःहून सुटत गेली. पीएफओएससारख्या वेगळ्या डोक्याच्या रेणूंना ती युक्ती लागू पडली नाही, आणि नदीभर पाण्याला ती वापरता येत नाही. आधी पाण्यातून रसायन गोळा करायला हवं. माणसाच्या शरीरातून ते काढायचा उपाय तर मध्ययुगातला निघाला. ऑस्ट्रेलियात 285 अग्निशामक कर्मचाऱ्यांवर वर्षभर प्रयोग केला; जे दर सहा आठवड्यांनी रक्तद्रव दान करत होते त्यांच्यातलं पीएफओएस सुमारे तीस टक्क्यांनी उतरलं. जळवा लावणाऱ्या वैद्याला हसायची सोय राहिली नाही.

आता इटलीतून कोकणात यायचं. व्हेनिसच्या पश्चिमेला विचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथे 1960च्या दशकात एका कापड उद्योगसमूहाने कापडावर पाणी ठरू नये म्हणून संशोधनाचा कारखाना काढला. पुढे त्याचं नाव मितेनी झालं. कारखाना भूजलाच्या एका मोठ्या साठ्याच्या डोक्यावर बसला होता. 2013मध्ये खालच्या गावांच्या नळात पीएफएएस सापडलं. साडेतीन लाखांच्या घरातली माणसं ते पाणी पीत होती. आयांनी मुलांच्या रक्ताचे आकडे टी-शर्टवर छापून मोर्चे काढले. 2018मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. 26 जून 2025 रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना कैदेची शिक्षा सुनावली. म्वासांने फ्लोरिन पकडलं त्याला त्या दिवशी बरोबर 139 वर्षं झाली होती.

दिवाळखोरीत निघालेल्या मितेनीची यंत्रं, पेटंटं आणि बनवायच्या कृती 2019मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या मुंबईच्या कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतल्या. यंत्रं सुटी झाली, समुद्रावरून आली आणि रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. यंत्र आलं म्हणजे त्याचं पापही आलं, असा अर्थ काढायचं कारण नाही. फ्लोरिनची रसायनं शेकडो प्रकारची असतात. आपल्या औषधांपैकी साधारण पाचवा हिस्सा फ्लोरिन बाळगून असतो आणि त्यातली बहुतेक औषधं या कुळातली नव्हेत. पण दाभोळ खाडीचे मच्छीमार लोट्याच्या सांडपाण्याबद्दल गेली कित्येक वर्षं बोलत आहेत, त्यात हा नवा पाहुणा. शिवाय जवळच्या डोंगरावर देऊळ आहे ते परशुरामाचं, म्हणजे आणखी एका चिरंजीवाचं.

पाहुणा खाडीत उतरला का हे कळायला तुलनेला आधीचं पाणी हवं. थ्रीएमच्या शास्त्रज्ञांनाही अशीच एक अडचण आली होती: ज्यात हे रसायन नाही असं माणसाचं रक्त तुलनेला मिळेना. शेवटी ते सापडलं कोरियन युद्धाच्या सुमारास भरती झालेल्या जवानांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत. खाडीच्या बाबतीत कोणी असं काही जपून ठेवलेलं नाही. ते करायचं तर नमुना आत्ता घ्यावा लागेल, आणि घ्यायची रीत मजेशीर आहे. बाटली साध्या पॉलिथिनची. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप नको. कपडे सुती, पुष्कळ वेळा धुतलेले. बरोबर शुद्ध पाण्याची एक जादा बाटली, जी तिथल्या हवेत उघडून बंद करायची, म्हणजे डाग पाण्याचा की घेणाऱ्याचा हे कळतं. आणि पाणी झटकणारा महागडा रेनकोट तर मुळीच नको, कारण त्याच्या कापडावरही बहुधा हीच माळ असते. खाडीकाठच्या करंबवण्याच्या धक्क्यावर जुलैच्या पावसात उभं राहून नमुना घेणाऱ्याला एक तर भिजावं लागेल, नाहीतर माळ्यावरचं आजोबांचं इरलं खाली काढावं लागेल.